पिनबॉलच्या सुरुवातीच्या जाहिराती नेमक्या कोणासाठी होत्या?

छापील_कागद

पिनबॉल, म्हणजे नाणे टाकून उतरत्या फळीवर गोळी सोडायची आणि ती जिथे आदळेल किंवा पडेल त्याचे गुण मिळवायचे, या खेळाचा इतिहास मराठीत फारसा कोणी लिहिलेला नाही, आणि या धाग्यात तो संपूर्ण मांडण्याचा माझा विचारही नाही. मला बोलायचे आहे ते १९३१ ते साधारण १९५० या काळात शिकागोच्या कारखानदारांनी आपल्या यंत्रांच्या ज्या जाहिराती छापल्या, त्यांच्याविषयी. ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाचे जुने अंक आता जालावर चाळता येतात. आज हे नाव संगीताच्या क्रमवारीसाठी ओळखले जात असले, तरी त्या काळी त्यात जत्रा, सर्कस, तंबूतले खेळ आणि नाणे टाकून चालणारी यंत्रे यांच्या धंद्याच्या बातम्या असत. हे अंक सलग वाचत गेल्यावर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. ज्या माणसाने यंत्रासमोर उभे राहून नाणे टाकायचे, त्याच्याशी या जाहिराती जवळजवळ बोलतच नाहीत.

थोडी पार्श्वभूमी देतो. सिनसिनाटीच्या मॉन्टेग्यू रेडग्रेव्ह यांनी १८७१ मध्ये बॅगाटेलमधील (खिळे ठोकलेल्या फळीवर गोळी सोडायच्या जुन्या खेळातील) सुधारणांसाठी पेटंट घेतले. त्यात स्प्रिंगच्या दांड्याने गोळी वर ढकलण्याची रचना होती. (‘बिलबोर्ड’सुद्धा पुढे १८९४ मध्ये सिनसिनाटीतच सुरू झाले. निव्वळ योगायोग, पण मला गंमत वाटते.) खरा धंदा मात्र महामंदीत उभा राहिला. शिकागोच्या डेव्हिड गॉटलिब यांनी १९३१ मध्ये ‘बॅफल बॉल’ हे दुकानाच्या काउंटरवर ठेवता येईल एवढे छोटे यंत्र बाजारात आणले आणि त्याची किंमत ठेवली साडेसतरा डॉलर. त्याला वीज लागत नव्हती, फ्लिपर (गोळी पुन्हा वर मारणारे, बटणावर हलणारे दांडे) नव्हते, गुणसुद्धा खेळणाऱ्याने मनातल्या मनात मोजायचे. एका सेंटला पाच ते सात गोळ्या मिळत. अशी पन्नास हजारांहून अधिक यंत्रे खपली.

आता हे यंत्र विकत कोण घेत होते, हे लक्षात घेतले की जाहिरातींची भाषा उलगडते. गिऱ्हाईक होता ऑपरेटर. हा माणूस यंत्रे विकत घेऊन सिगारच्या दुकानात, औषधांच्या दुकानात, न्हाव्याकडे नेऊन ठेवी, ठरलेल्या दिवशी येऊन गल्ला उघडी आणि जमलेली रक्कम दुकानदाराशी बहुधा निम्मी-निम्मी वाटून घेई. साडेसतरा डॉलर म्हणजे १,७५० सेंट. निम्मी वाटणी धरली तर ३,५०० डाव झाल्यावर ऑपरेटरचे भांडवल सुटते. दिवसाला दोनशे डाव झाले तर अडीच आठवड्यांत. त्यानंतर गल्ल्यात पडणारे प्रत्येक दुसरे नाणे नफ्याचे. जाहिरात वाचणाऱ्याच्या डोक्यात हे गणित आधीपासून चालू असे आणि जाहिरातीचे काम एवढेच की त्या गणिताला हवा द्यायची. म्हणून मथळ्यांत कमाई, खप, पुन्हापुन्हा येणाऱ्या मागण्या आणि तत्काळ पाठवणी यांचाच गजर दिसतो. खेळणारा दिसलाच तर यंत्राभोवतीची गर्दी म्हणून दिसतो. त्याला स्वतःचा चेहरा नसतो.

तळाच्या बारीक टाइपातल्या ओळी मला मथळ्यांपेक्षा अधिक प्रामाणिक वाटतात. ‘ऑर्डरसोबत एक तृतीयांश रक्कम, उरलेली माल ताब्यात घेताना’ ही अट त्या काळच्या असंख्य जाहिरातींत आढळते. ज्या धंद्यात उधारी द्यायला कोणीही धजावत नाही, त्या धंद्यातली ही अट आहे. त्याच पानांवर वितरकांनी दिलेल्या वापरलेल्या यंत्रांच्या याद्या असतात. त्यांत चित्र नाही, विशेषण नाही. फक्त यंत्रांची नावे आणि त्यांसमोर किमती, तीन-चार स्तंभांत दाटीवाटीने बसवलेल्या. काही महिन्यांपूर्वी ज्या यंत्राने पानभर डांगोरा पिटला होता, तेच या यादीत कवडीमोलाने पडलेले सापडते. मोठी जाहिरात आणि ही यादी शेजारी ठेवून वाचल्याशिवाय त्या धंद्याचा वेग कळत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की सुरुवातीच्या पिनबॉलने खेळ विकला नाही, त्याने उत्पन्न विकले. मंडळींचे काय मत आहे?

रेवती_आलमीडा

धागा आवडला. पण जाहिरात म्हणजे मासिकातले पान एवढीच व्याख्या धरली तरच आपला निष्कर्ष पूर्णपणे पटतो. खेळणाऱ्यासाठीची जाहिरात वेगळी छापायची गरजच नव्हती. कारण ती यंत्रावरच रंगवलेली असे.

रेमंड मोलोनी यांच्या ‘बॅलीहू’चे उदाहरण घ्या. मोलोनी हे आधी गॉटलिब यांचे ‘बॅफल बॉल’ विकत असत. मागणीच्या मानाने माल मिळेना, तेव्हा १९३२ मध्ये त्यांनी स्वतःचे यंत्र काढले. त्याचे नाव त्यांनी त्या सुमारास तुफान गाजत असलेल्या ‘बॅलीहू’ या विनोदी मासिकावरून घेतले आणि खेळाच्या फळीवरची भडक रंगसंगतीही त्याच मासिकाच्या मुखपृष्ठाशी जुळणारी ठेवली. म्हणजे दुकानात शिरलेल्या माणसाला हे यंत्र काय आहे ते सांगावेच लागत नव्हते, कारण तो रंग आणि ते नाव त्याने वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर आधीच पाहिलेले होते. यातला विरोधाभास असा, की ते मासिक चालत होते ते मुख्यतः जाहिरातींची टिंगल करून. १९३१ मध्ये निघालेल्या त्या मासिकात साबण, सिगारेट, दंतमंजन यांच्या खोट्या जाहिराती छापल्या जात आणि वाचक त्यांवर खदखदून हसत. जाहिरातबाजीला हसणाऱ्या मासिकाचे नाव एका कारखानदाराने जाहिरातीसाठी उचलले आणि ते असे चिकटले की पुढे त्याच्या कंपनीचेच नाव ‘बॅली’ झाले.

त्याची ‘थर्टी-टू’शी ‘बॅलीहू’ असे यमक जुळवणारी घोषणा तर प्रसिद्धच आहे. यंदा लोक काय करणार, तर बॅलीहू खेळणार, अशा अर्थाची ती ओळ वाचायला ऑपरेटरसाठी असली, तरी तोंडात बसणारी आहे. हिशेबाची भाषा अशी यमकात बोलत नाही.

छापील_कागद

रेवतीताई, फळीवरचे चित्र हीसुद्धा जाहिरात होती, हे मान्य. पण त्या घोषणेतही कर्ता ‘लोक’ आहेत, ‘तुम्ही’ नाही, याकडे लक्ष वेधतो. ‘तुम्ही खेळा’ असे ती सांगत नाही. ‘लोक खेळणार आहेत, तेव्हा तुम्ही यंत्र घ्या’ असे सांगते. यमक कानाला गोड आहे, पण पान उघडून वाचणारा तो ऑपरेटरच.

सात महिन्यांत पन्नास हजार ‘बॅलीहू’ खपली असे सांगतात. गॉटलिब यांच्याच जुन्या विक्रेत्याने त्यांच्या तोडीचा खप केला, यावरून त्या बाजारात नाव आणि रंग यांचे वजन किती होते हे दिसते. तेवढ्यापुरता मी आपल्या बाजूला सरकतो.

खडू_फळा

जिगसॉचा उल्लेख अजून कसा आला नाही? रॉक-ओला कंपनीने १९३३ मध्ये काढलेले ‘वर्ल्ड्स फेअर जिगसॉ’ हे माझ्या मते त्या काळातले सर्वांत हुशार यंत्र आहे, कारण त्याने एकाच वेळी दोन चालू लाटा पकडल्या. त्या वर्षी शिकागोत ‘सेंच्युरी ऑफ प्रोग्रेस’ हे जागतिक प्रदर्शन भरले होते आणि त्याच सुमारास अमेरिकेत घरोघरी तुकडे जुळवून चित्र पूर्ण करण्याच्या कोड्यांचे वेड पसरले होते. या यंत्रात गोळी ठरावीक भोकात पडली की चित्राचे तुकडे उलटून सुलटे होत आणि हळूहळू प्रदर्शनाचे दृश्य तयार होई. चित्र अर्धवट राहिले की माणूस आणखी एक नाणे टाकणारच. अशा यंत्राला वेगळी जाहिरात कशाला हवी?

कंपनीच्या नावातली आडवी रेघही जाहिरातीचाच भाग होती. मालकांचे आडनाव रॉकोला. लोकांनी ते नीट उच्चारावे म्हणून मध्ये रेघ घातली गेली.

कायद्याचं_बोला

मूळ लेखात वाचक दोनच धरले आहेत, ऑपरेटर आणि खेळणारा. माझ्या मते १९३३ नंतर तिसरा वाचक येतो आणि पुढची सारी वर्षे जाहिरातींची भाषा तोच ठरवतो. तो म्हणजे पोलीस अधिकारी, न्यायाधीश आणि नगरपालिकेचा सदस्य.

त्या वर्षी बॅलीने ‘रॉकेट’ हे यंत्र काढले. त्यात जिंकणाऱ्याला यंत्रच नाणी देत असे. ऑपरेटरच्या दृष्टीने ही सोन्याची खाण होती, पण त्यामुळे पिनबॉल थेट जुगाराच्या रांगेत जाऊन बसला. त्याआधीही दुकानदार चांगल्या गुणांना सिगार, पेय किंवा रोख रक्कम देत असत. पण तो दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यातला मामला म्हणता येत होता. यंत्राच्या पोटातूनच पैसे येऊ लागल्यावर पळवाट उरली नाही. त्यानंतर कारखानदार दोन जिभांनी बोलू लागतात. धंद्याच्या मासिकात नाणी देणाऱ्या यंत्रांची कमाई वाखाणायची आणि बाहेरच्या जगासमोर हा कौशल्याचा निरागस खेळ असल्याचे सांगायचे. ‘फक्त करमणुकीसाठी’ ही यंत्राच्या दर्शनी भागावर छापलेली ओळ खेळणाऱ्याला उद्देशून आहे असे कोणाला वाटत असेल, तर ते भोळेपणाचे होईल. आपण करमणुकीसाठी खेळतो आहोत हे खेळणाऱ्याला कोणी सांगायला नको. ती ओळ छापा घालायला आलेल्या माणसाने वाचावी म्हणून आहे.

त्याचा फार उपयोग झाला नाही. लॉस एंजेलिसमध्ये १९३९ मध्ये बंदी आली. न्यूयॉर्कमध्ये जानेवारी १९४२ मध्ये महापौर ला ग्वार्डिया यांनी यंत्रे जप्त करायला सुरुवात केली. शाळकरी मुलांच्या खाऊचे, जेवणाचे पैसे ही यंत्रे गिळतात, असा त्यांचा आरोप होता. हातात घण घेऊन यंत्रे फोडताना त्यांनी वृत्तपत्रांसाठी छायाचित्रे काढून घेतली. जाहिरातशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर पिनबॉलविषयी त्या काळात छापले गेलेले सर्वांत परिणामकारक चित्र हेच असावे, आणि ते विरोधकाने फुकटात छापून घेतले. ही बंदी १९७६ पर्यंत टिकली.

रेवती_आलमीडा

वकीलसाहेब, या तिसऱ्या वाचकाचा मुद्दा फार मोलाचा आहे. युद्धानंतरच्या गॉटलिबच्या यंत्रांकडे त्या नजरेने पाहिले तर त्यांच्या नावांचाही उलगडा होतो असे मला वाटते. फ्लिपर बसवलेले पहिले यंत्र १९४७ चे, रचना हॅरी मॅब्स यांची, आणि नाव ‘हम्प्टी डम्प्टी’. त्यामागोमाग १९४८ मध्ये ‘लेडी रॉबिन हूड’, ‘सिंड्रेला’, ‘जॅक अँड जिल’, ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’, ‘ओल्ड किंग कोल’. बालगीते आणि परीकथा यांची रांगच लागली. बारमध्ये दारूचा पेला हातात घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला सिंड्रेलाचे आकर्षण असण्याचे काही कारण नाही. मुलांचे पैसे लुबाडणारे यंत्र या आरोपाला मुलांच्याच गोष्टींतली नावे देऊन उत्तर दिले गेले, असे मला दिसते. कारखानदारांनी तसा विचार लिहून ठेवलेला नसला तरी.

मी राहते त्या कॅलिफोर्नियातल्या आलमीडा गावात पॅसिफिक पिनबॉल म्युझियम आहे आणि तिथे लाकडी कडांची जुनी यंत्रे नुसती पाहता नव्हे, तर खेळता येतात. त्या काळच्या यंत्राची मागची, माथ्यावर उभी असलेली काच जवळून पाहण्यासारखी असते. नंतरच्या यंत्रांसारखे बदलत जाणारे आकडे तिथे नाहीत. शक्य असलेला प्रत्येक गुण काचेवर आधीच छापलेला असतो, दहा हजार, वीस हजार करत थेट लाखांपर्यंत, आणि आपण जिथवर पोहोचलो त्या आकड्यामागचा दिवा लागतो. म्हणजे खेळ सुरू होण्यापूर्वीच तुमच्यासमोर लाखांचे आकडे लिहिलेले असतात, न पेटलेले. एका नाण्याच्या बदल्यात एवढ्या मोठ्या संख्या डोळ्यांसमोर ठेवणे, ही माझ्या मते मासिकातल्या कुठल्याही पानापेक्षा बलवान जाहिरात आहे. छापील_कागद यांनी ऑपरेटरचे साडेसतरा डॉलरचे गणित मांडले. खेळणाऱ्याला दाखवलेले गणित हे असे होते, आणि त्यात प्रत्यक्ष पैसा कुठेच नव्हता.

गोट्या_सोळा_आणे

आमच्या लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत खिळे ठोकलेली लाकडी बॅगाटेलची फळी घरी असायची. पत्र्याची वळवलेली कड, काचेच्या गोट्या आणि ओढून सोडायचा दांडा. रेडग्रेव्हच्या पेटंटचे वर्णन वाचून तीच फळी आठवली. तिच्यावर कधी जाहिरात पाहिल्याचे मात्र आठवत नाही. आकडे रंगवलेले असत, इतकेच.

छापील_कागद

तीच मूळ वंशावळ. घरातल्या फळीला आणि ‘बॅफल बॉल’ला वेगळे करणारी गोष्ट म्हणजे नाणे टाकायची खाच. ती खाच आली की मधला माणूस आला, मधला माणूस आला की त्याला पटवणारी जाहिरात आली. घरच्या फळीला त्याची गरज नव्हती. तिच्यावरचे आकडे खेळाचे नियम सांगत होते, आमिष दाखवत नव्हते.

रेवतीताईंच्या काचेच्या वर्णनाला एक पुरवणी जोडतो. बॅलीच्या १९३६ च्या ‘बंपर’ या यंत्राआधी बहुतेक यंत्रांत गोळी भोकात पडून थांबत असे आणि गुण त्या भोकाशेजारी लिहिलेले असत. ‘बंपर’ने भोके काढून स्प्रिंगच्या वेटोळ्यांचे खांब बसवले. गोळी त्यांवर आदळत खाली येई, आणि आदळलेल्या प्रत्येक वेळेचा गुण मोजायचा तर तो दाखवायला वेगळी जागा हवी. ती जागा म्हणजे यंत्राच्या माथ्यावरची उभी काच. एकदा ही उभी काच आली की चित्रकाराला मोठी जागा मिळाली, आणि यंत्र खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसू लागले. म्हणजे खेळणाऱ्यासाठीची जाहिरात वाढली ती कोणा जाहिरातदाराच्या कल्पनेतून नव्हे, तर गुणमोजणीच्या विजेच्या तारांमुळे. ‘बॅलीहू’च्या आडव्या फळीवरचा रंग पाहायला यंत्रावर वाकावे लागत होते.

खडू_फळा

विजेचा विषय निघालाच आहे तर १९३३ चे ‘काँटॅक्ट’ विसरू नये. हॅरी विल्यम्स यांनी लॉस एंजेलिसमध्ये रचलेल्या त्या यंत्रात बॅटरीवर चालणारी, गोळीला झटका देणारी यंत्रणा होती. भोकात पडलेली गोळी पुन्हा बाहेर फेकली जाई आणि घंटी वाजे. घंटीचा आवाज ही फुकटची जाहिरात. दुकानात शिरलेला प्रत्येक माणूस वळून पाहणार.

कायद्याचं_बोला

आणि याच विल्यम्स यांनी यंत्र हलवणाऱ्याचा डाव रद्द करणारी ‘टिल्ट’ची युक्ती काढली, हेही जाहिरातीशी जोडून पाहावे. खेळणारा यंत्राला धक्के देऊन भरमसाट गुण मिळवू लागला, तर ऑपरेटरचे उत्पन्न बुडते. त्यामुळे फसवणुकीला आळा घालणारी यंत्रणा हा ऑपरेटरला सांगायचा विक्रीचा मुद्दा होता, आणि खेळणाऱ्याला मात्र तो कटकटीचा वाटे. मूळ लेखातल्या प्रतिपादनाला याहून चांगला पुरावा मिळणार नाही. एकाच यंत्राचा एकच भाग, पण ज्याला विकायचा त्याच्यासमोर मिरवायचा आणि ज्याने खेळायचे त्याला तो बिघडल्यासारखा वाटला तरी चालेल.

निळी_शाई

मी छपाईच्या धंद्यात आहे, म्हणून थोडे त्या बाजूने लिहितो.

कारखान्यांची युद्धानंतरची जाहिरात-पत्रके हातात धरून पाहिली तर त्यांची घडण ठरीव आहे. टंकलेखनाच्या कागदाएवढा एक ताव, बहुधा एक-दोन रंगांत, यंत्राचे तिरप्या कोनातून घेतलेले छायाचित्र, त्याच्या आजूबाजूला बाण किंवा चौकटी करून नव्या सोयींची नावे आणि तळाशी कारखान्याचे नाव. बऱ्याच पत्रकांत खाली थोडी जागा मुद्दाम कोरी सोडलेली असे. तिथे त्या त्या गावच्या वितरकाने स्वतःचा रबरी शिक्का मारायचा. तो शिक्का तिरका, फिकट किंवा अर्धवट उमटलेला असला की माझ्यासारख्याला आनंद होतो, कारण पत्रक खरोखर कोणाच्या तरी हातातून गेल्याची ती खूण आहे. शिक्का नसलेली स्वच्छ पत्रके बहुधा कपाटातून थेट संग्राहकाकडे आलेली असतात.

यंत्रावरची काच मात्र पूर्णपणे वेगळ्या दर्जाचे काम होते. ती सिल्क-स्क्रीनने छापत. प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी, काचेच्या मागच्या बाजूने उलट क्रमाने रंग चढवायचे, म्हणजे सर्वांत पुढे दिसणारा रंग आधी आणि मागचा आधाररंग शेवटी. ज्या भागातून दिव्याचा उजेड यायला हवा तिथे तो शेवटचा अपारदर्शक थर सोडून द्यायचा. रेवतीताईंनी सांगितलेले न पेटलेले आकडे हे या सोडलेल्या थराचे काम. शिकागोतल्या बहुतेक कारखान्यांची ही कामे एकाच छापखान्याकडे जात, आणि त्या छापखान्याचे नावच ‘अ‍ॅडव्हर्टायझिंग पोस्टर्स’ असे होते. यंत्राची काच ही जाहिरात मानायची की नाही, या वरच्या वादाला त्या नावाने आपल्यापुरते उत्तर देऊन टाकले आहे, असे म्हणायला हरकत नाही.

पैसा कुठे खर्च केला जात होता तेही पाहा. ऑपरेटरसाठी स्वस्तातले दुरंगी पत्रक, आणि खेळणाऱ्यासाठी बहुरंगी काच. ऑपरेटर आकडे वाचून घेतो, त्याला रंग लागत नाहीत. खेळणारा वाचत नाही, पाहतो. त्यामुळे छापील_कागद आणि रेवतीताई दोघेही एकाच हिशेबाच्या दोन बाजू सांगत आहेत असे मला वाटते, फक्त खर्चाचा मोठा भाग रेवतीताईंच्या बाजूला आहे.

रेवती_आलमीडा

निळी_शाई, उत्तम माहिती. मात्र त्या काचांवरच्या चित्रांबद्दल एक नापसंती नोंदवायलाच हवी. परीकथा वगैरे ठीक, पण त्या परीकथांतल्या बायकाही आखूड कपड्यांत, डोळे मिचकावत उभ्या केलेल्या आहेत. नाव मुलांच्या पुस्तकातले आणि चित्र बारच्या भिंतीवरचे. नाव वाचणारा तो वकीलसाहेबांचा तिसरा वाचक, आणि चित्र पाहणारा नाणे टाकणारा. एकाच काचेवर दोघांची सोय.

कायद्याचं_बोला

नेमके. आणि ही सोय पुढेही करावी लागली. १९५१ च्या सुरुवातीस जॉन्सन कायदा लागू झाला आणि जुगाराची यंत्रे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर बंदी आली. काही ठिकाणी तर जिंकणाऱ्याला मिळणारा फुकट डावसुद्धा ‘मोलाची वस्तू’ ठरू लागला. त्यावर गॉटलिबने १९६० मध्ये ‘फ्लिपर’ या यंत्रात फुकट डावाऐवजी चालू डावातच एक जादा गोळी देण्याची युक्ती काढली. आपल्या चर्चेच्या कालमर्यादेपलीकडचे आहे, पण जाहिरातीच्या भाषेवर कायद्याची पकड किती घट्ट होती ते यावरून कळावे. यंत्राची रचनाच वकिलाच्या सल्ल्याने बदलत होती, तर पत्रकातली विशेषणे काय चीज.

गॉटलिबच्या जॉन्सन कायद्यानंतरच्या पत्रकांवर एक ओळ नेहमी आढळते. करमणुकीचे पिनबॉल हे बेसबॉल आणि हॉट डॉगइतकेच अमेरिकन आहेत, अशा आशयाची. खप, कमाई, गल्ला यांचा त्यात मागमूस नाही. ज्या शहरांत हा खेळ अजून बेकायदा होता त्या शहरांतल्या नगरपालिकांनी ती वाचावी म्हणून ती आहे, असे माझे मत.

छापील_कागद

त्या ओळीतला सर्वांत जड शब्द मला ‘करमणुकीचे’ हा वाटतो. तो नुसता गुणवाचक नाही, तो कुंपण घालतो. त्याच काळात बॅली आणि युनायटेड या कंपन्या १९५१ पासून बिंगोच्या धर्तीची पिनबॉल यंत्रे विकत होत्या. बॅलीचे ‘ब्राइट लाइट्स’ त्यांतलेच. त्या यंत्रांना फ्लिपर नव्हते, जिंकलेले फुकट डाव दुकानदाराकडून पैशांत बदलून घेतले जात, आणि लोकांच्या लेखी तेही पिनबॉलच. ‘आम्ही करमणुकीचे पिनबॉल बनवतो’ असे म्हणताना गॉटलिब शेजारच्या कारखान्याकडे बोट दाखवत होते. नाव न घेता प्रतिस्पर्ध्याला जुगारी ठरवण्याची ही पद्धत चतुर आहे. म्हणजे वकीलसाहेबांच्या तिसऱ्या वाचकाच्या मागे चौथाही उभा होता, तो म्हणजे गावातले दुसरे कारखाने.

माझ्या मूळ विधानात मी आता एवढी भर घालतो, की उत्पन्न विकण्याची भाषा १९३० च्या दशकात उघड होती आणि १९५० च्या दशकात ती पत्रकाच्या आतल्या मजकुरात सरकली. गेली मात्र कुठेच नाही. हॉट डॉगच्या ओळीखालीच नव्या सोयींची यादी असते आणि त्यातली प्रत्येक सोय गल्ला वाढवण्यासाठीच आहे.

गोट्या_सोळा_आणे

एक साधी शंका. या काचा रंगवणाऱ्या चित्रकारांची नावे कुठे मिळतात का? जाहिरातींत तर यंत्राचेच नाव असते.

निळी_शाई

जाहिरातींत मिळत नाहीत आणि काचेवरही बहुधा मिळत नाहीत. गॉटलिबच्या युद्धोत्तर यंत्रांवरचे पुष्कळसे काम रॉय पार्कर यांचे आहे हे आता सर्वमान्य आहे. तसेच जॉर्ज मोलेंटिन, आर्ट स्टेनहोम, ख्रिश्चन मार्श ही नावे घेतली जातात. पण त्यांनी आपल्या चित्रांखाली सही करण्याची पद्धत नव्हती. त्यामुळे संग्राहक शैलीवरून ओळख पटवतात. पार्कर यांच्या चित्रांत मुख्य आकृतीच्या मागे, कोपऱ्यात कुठेतरी, एखादा छोटा विनोदी प्रसंग चाललेला असतो. कोणी घसरून पडतो आहे, कोणी चोरून पाहतो आहे. ऑपरेटरने तो पाहण्याचा प्रश्नच नव्हता आणि कायद्याच्या माणसाला त्यात रस नव्हता. यंत्रासमोर बराच वेळ उभ्या राहणाऱ्यालाच तो सापडतो. आपण ‘सिंड्रेला’ची काच मोठी करून पाहा आणि कडांपासून सुरुवात करा.